अनाहूत लहरींचा माग

२००४ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात कॉर्वॅलिस नावाचे एक गाव आहे. तेथे राहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या दारावर थाप पडली. त्याने दार उघडले, तर बाहेर पोलीस आणि शोध व बचाव पथकाची माणसे उभी! अवकाशात फिरणाऱ्या एका उपग्रहाने त्या भागातून येणारी संकटाची हाक टिपली होती. ती १२१.५ मेगाहर्ट्‌झ या कंप्रतेवर येत होती. त्या काळी विमान कोसळले किंवा बोट बुडू लागली, की तिच्यावरील लहानसा प्रक्षेपक याच कंप्रतेवर हाका मारू लागे आणि उपग्रह त्या ऐकत. ती हाक ऐकून पथक निघाले आणि लहरींचा माग काढीत या घरापाशी येऊन पोचले.

घरात विमान नव्हते, बोट नव्हती, संकटात सापडलेले कोणी नव्हते. होता तो फक्त एक दूरदर्शन संच! त्याच्या आतील विद्युत् मंडलात काही दोष उत्पन्न झाला होता आणि तो नेमक्या १२१.५ मेगाहर्ट्‌झवर लहरी बाहेर टाकीत होता. संच पुन्हा चालू केला तर दिवसाला १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकेल, अशी समज त्या विद्यार्थ्याला देण्यात आली. पुढे निर्मात्यांनी त्याला संच बदलून दिला. (उपग्रहांनी १२१.५ मेगाहर्ट्‌झवरील हाका ऐकण्याचे काम १ फेब्रुवारी २००९ पासून थांबले. आता त्यासाठी ४०६ मेगाहर्ट्‌झचा पट्टा वापरतात. या आंतरराष्ट्रीय योजनेत भारतही सामील असून आपली भूस्थानके बंगळूर आणि लखनौ येथे आहेत.)

विद्यार्थी मित्रांनो, या हकिगतीत लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की दूरदर्शन संच हा लहरी घेणारा, म्हणजे ग्राहक आहे. लहरी फेकणे हे त्याचे कामच नव्हे. तरीही त्याने एवढा गोंधळ उडवला. मग ज्याचे कामच लहरी फेकण्याचे आहे, अशा वॉकी-टॉकीचे काय? ती आपल्याला नेमून दिलेल्या कंप्रतेवरच बोलते, की बोलता बोलता आणखी कोठे कोठे अनाहूतपणे डोकावते? आणि हे ओळखायचे कसे?

हौशी रेडिओवाल्यांचे स्वातंत्र्य

जगभर लाखो लोक केवळ हौस म्हणून रेडिओ संदेशवहन करतात. त्यांना ‘हॅम’ असे म्हणतात. आपल्या देशात केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर हा परवाना मिळतो आणि प्रत्येकाला स्वतःचे असे संकेतनाम मिळते. ही मंडळी आपापसांत गप्पा मारतात, नवे प्रयोग करतात, उपग्रहांमार्फतही बोलतात. त्यांच्यासाठी इस्रोने ५ मे २००५ रोजी ‘हॅमसॅट’ हा लहान उपग्रह सोडला होता. संकटकाळी त्यांची हौस समाजाच्या फार उपयोगी पडते. २००१ साली गुजरातेत भूजला भूकंप झाला, २००४ च्या डिसेंबरात अंदमानला त्सुनामीचा तडाखा बसला, तेव्हा तारा तुटल्या, टेलिफोन बंद पडले. अशा वेळी हॅम मंडळींच्या संचांवरून निरोप जात येत राहिले.

हॅमला इतर कोणत्याही रेडिओ वापरणाऱ्यास नसलेली एक मोकळीक असते. तो आपला संच स्वतः बांधू शकतो, उघडू शकतो, त्यात फेरफार करू शकतो. पोलिसांची वॉकी-टॉकी किंवा आपला मोबाईल असा मनाला येईल तसा बदलता येत नाही. पण या मोकळिकीबरोबर एक जबाबदारीही येते. संचातून काय बाहेर पडते, याचा जाब त्या परवानाधारकालाच द्यावा लागतो. ‘मी तो दुकानातून तसाच आणला’, असे म्हणून सुटका होत नाही. म्हणूनच हातात मावणाऱ्या छोट्या संचाचीही परीक्षा घ्यावी लागते.

तंबोऱ्याची तार आणि रेडिओची लहर

आता अनाहूत लहरी निर्माण कशा होतात ते पाहू. तंबोऱ्याची एक तार छेडा. कानाला एक स्वर ऐकू येतो. पण जाणता कान त्यात आणखी बारीक स्वर ओळखतो. तार दर सेकंदाला १०० वेळा कंप पावत असेल, तर तिच्यातून २००, ३००, ४०० अशा पटीतील कंपनेही निघत असतात. डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास तंबोरा, वीणा, मृदंग, तबला अशा आपल्या वाद्यांच्या स्वरांचा अभ्यास केला, तो या पटीतील स्वरांचाच. संगीतात त्यांच्यामुळे गोडवा येतो. ते नसतील तर तंबोरा आणि बासरी यांच्या स्वरांत फरक तो कोणता उरणार?

रेडिओत मात्र हाच गोडवा घातक ठरतो. संचातील आंदोलकाने अगदी गोलाईदार, एकसारखी चढउतार करणारी लहर निर्माण केली, तर तिच्यात एकच कंप्रता असते. पण पुढे ही लहर मोठी करण्यासाठी तिला प्रवर्धकातून जावे लागते. बॅटरी लवकर संपू नये म्हणून प्रवर्धक अशा रीतीने चालवतात, की लहरीचा माथा सपाट होतो, बाजू ताठ होतात. लहरीचा आकार बिघडला, की तिच्यात पटीतील कंप्रता शिरल्याच. कोणत्याही नियमित आकाराच्या लहरीची फोड साध्या गोलाईदार लहरींच्या बेरजेत करता येते. हा विचार फ्रेंच गणिती फूरिए याने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. लहर पुरी चौकोनी झाली, तर त्याच्या गणितानुसार तिच्यात तिप्पट कंप्रतेची लहर मूळ लहरीच्या एक तृतीयांश उंचीची असते. शक्ती ही उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे या तिसऱ्या लहरीत मूळ लहरीच्या एक नवमांश शक्ती जाते. ही काही थोडीथोडकी नव्हे.

पटीतील या लहरींना ‘हार्मोनिक’ म्हणतात. हॅम मंडळींचा एक आवडता पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ हा आहे. समजा, आपण १४५ मेगाहर्ट्‌झवर बोलत आहोत. तर पटीतील लहरी कोठे पडतील?

दुप्पट : २९० मेगाहर्ट्‌झ. अनेक देशांत २२५ ते ४०० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा लष्करी विमानांच्या संभाषणासाठी राखलेला आहे.

तिप्पट : ४३५ मेगाहर्ट्‌झ. हा हॅम मंडळींचाच दुसरा पट्टा. त्यांचे उपग्रह येथे बोलतात आणि त्यांचे आवाज फार क्षीण असतात.

चौपट : ५८० मेगाहर्ट्‌झ. अनेक देशांत येथे दूरदर्शनचे प्रक्षेपण चालते.

पाचपट : ७२५ मेगाहर्ट्‌झ. भारतात ७०० मेगाहर्ट्‌झच्या या पट्ट्यातील काही भाग २०२२ च्या लिलावात मोबाईल सेवेसाठी विकला गेला.

पाहा, बोलणारा एकाच जागी बसून बोलतो आहे. पण त्याचे पाऊल चार चार अंगणांत पडते आहे! आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला याचा पत्ताच नसतो. पलीकडचा मित्र आपला संच १४५ वर लावून बसलेला असतो. त्याला आवाज खणखणीत ऐकू येतो. ‘फार छान संच आहे हो तुमचा’, असे तो सांगतो, आणि त्याचेही खरेच असते. २९० किंवा ४३५ वर काय चालले आहे, हे दोघांपैकी कोणालाच ऐकू येत नाही. हा दोष कानाने कळत नाही. तो मोजूनच कळतो.

किती म्हणजे फार?

अनाहूत लहर मुळीच नसावी, असे म्हणून भागत नाही; ती थोडी तरी असणारच. तेव्हा प्रश्न उरतो तो प्रमाणाचा. रेडिओच्या आरंभीच्या काळात ठिणग्या पाडून लहरी निर्माण करीत. त्या इतक्या पसरट असत, की एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्यात मिसळे. म्हणून अमेरिकेच्या १९१२ च्या रेडिओ कायद्यात ‘शुद्ध लहरी’चा एक नियम घातला गेला : मुख्य लहरीखेरीज निघणाऱ्या कोणत्याही लहरीत मुख्य लहरीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक ऊर्जा असता कामा नये.

आजच्या मानाने ही सूट म्हणजे चंगळच होती. एफ.सी.सी. ही अमेरिकेत दळणवळणावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. ३० ते २२५ मेगाहर्ट्‌झच्या दरम्यान चालणाऱ्या आणि २५ वॉटपर्यंत शक्तीच्या हॅम संचांसाठी तिचा नियम असा : एरियलकडे जाणारी कोणतीही अनाहूत लहर २५ मायक्रोवॉटपेक्षा अधिक असू नये, शिवाय ती मुख्य लहरीपेक्षा निदान ४० डेसिबेलने कमी असावी, मात्र १० मायक्रोवॉटच्या खाली ती नेण्याची सक्ती नाही.

डेसिबेल हा शब्द ऐकून घाबरू नका. ते पटी सांगण्याचे सोपे परिमाण आहे. १० डेसिबेल म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट, ३० म्हणजे हजारपट. दर १० डेसिबेलला एक शून्य वाढवायचे. आणखी एक आकडा पाठ करा : ३ डेसिबेल म्हणजे जवळजवळ दुप्पट. एवढ्या भांडवलावर पुष्कळ गणिते तोंडी होतात. आपला हातातील संच ५ वॉटचा आहे. ५ वॉट आणि २५ मायक्रोवॉट यांत फरक किती? ५ वॉट म्हणजे ५०,००,००० मायक्रोवॉट. त्याला २५ ने भागले, की २,००,००० येतात. एक लाखाचे ५० डेसिबेल आणि दुपटीचे ३, मिळून ५३ डेसिबेल. म्हणजे १९१२ साली जेथे एक दशांश चालत होते, तेथे आता दोन लाखांतील एकच भाग चालतो!

एवढी काटेकोर मर्यादा कशासाठी? हातात धरायचा चांगला ग्राहक ०.२ मायक्रोव्होल्ट इतका दुबळा संदेशही ऐकू शकतो. ५० ओहमच्या मंडलात ही शक्ती एका वॉटच्या लाख कोटीव्या भागाहूनही पुष्कळ कमी भरते. अशा तीक्ष्ण कानाच्या ग्राहकाला २५ मायक्रोवॉटची लहरसुद्धा, मध्ये अडथळा नसेल तर, कित्येक किलोमीटरवरून ऐकू येऊ शकते. तेव्हा ही मर्यादा म्हणजे जाच नव्हे.

एक गणित सोडवा. ५ वॉटच्या एका संचाचा तिसरा हार्मोनिक मुख्य लहरीपेक्षा ४५ डेसिबेलने कमी आहे. तो उत्तीर्ण की अनुत्तीर्ण? ४० पेक्षा ४५ अधिक, म्हणून उत्तीर्ण म्हणाल, तर फसाल! ४५ डेसिबेल म्हणजे सुमारे ३२,००० पट. ५ वॉटला तेवढ्याने भागले, तर सुमारे १५८ मायक्रोवॉट उरतात. २५ ची मर्यादा केव्हाच ओलांडली. संच अनुत्तीर्ण!

चाचणीची मांडणी

ही चाचणी करायची तर पहिली गोष्ट म्हणजे संचाचे एरियल काढून ठेवायचे. आपण मोजमाप करीत असताना लहरी हवेत पसरू नयेत, हे एक कारण. दुसरे असे, की हवेतून मोजू गेल्यास भिंती, टेबल, मोजणाऱ्याचे शरीर या सर्वांवरून लहरी परावर्तित होतात आणि आकडा दर वेळी निराळा येतो. म्हणून संचाची शक्ती केबलमधून सरळ उपकरणाकडे नेतात.

मुख्य उपकरण म्हणजे वर्णपट विश्लेषक. काचेच्या लोलकातून सूर्यप्रकाश गेला, की त्याचे रंग वेगवेगळे होऊन पडद्यावर पसरतात, हे तुम्ही केलेले आहे. हे उपकरण रेडिओलहरींच्या बाबतीत तेच काम करते. त्याच्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे कंप्रता वाढत जाते आणि ज्या कंप्रतेवर जितकी शक्ती, तितका उंच सुळका तेथे उभा राहतो. १४५ वर एक मोठा सुळका आणि बाकी सपाट मैदान, असे चित्र दिसले तर संच चोख. २९०, ४३५, ५८० येथे डोकी वर आलेली दिसली, की त्यांची उंची मोजायला लागायचे.

पण संच थेट विश्लेषकाला जोडला, तर मोठा अनर्थ होईल. अशी बहुतेक उपकरणे एका वॉटच्या आसपासच जळतात, आणि आपला संच आहे ५ वॉटचा. म्हणून दोहोंच्या मध्ये ‘क्षीणक’ ठेवतात. यात रोधांची जुळणी असते. ती बहुतेक शक्तीची उष्णता करून टाकते आणि थोडासा अंश पुढे जाऊ देते. ४० डेसिबेलचा क्षीणक ५ वॉटमधून अर्धा मिलिवॉट तेवढा पुढे सोडतो. हा क्षीणक संचाला ५० ओहमचा रोध म्हणून दिसला पाहिजे, कारण संच तेवढ्याच रोधाच्या एरियलसाठी बनवलेला असतो.

मग क्रम असा : बॅटरी पूर्ण भारून घ्यायची. संच १४५ वर लावून बोलण्याचे बटण काही सेकंद दाबायचे. मुख्य सुळक्याची उंची नोंदवायची. नंतर एकेका अनाहूत सुळक्याची उंची नोंदवून मुख्य सुळक्याशी फरक काढायचा. हेच माप पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आणि संचाच्या प्रत्येक शक्तीला पुन्हा घ्यायचे. संच १ वॉटवर लावला, की हार्मोनिकही पाचपट कमी होतील, असे धरून चालता येत नाही. मुख्य लहर कमी होते. पण तिच्या मागची पिलावळ तितकी कमी होतेच असे नाही.

मापकाचीही परीक्षा

येथपर्यंत सारे सोपे वाटले असेल. आता या कामातला खरा शास्त्रीय भाग. पडद्यावर २९० येथे सुळका दिसला. तो संचातूनच आला, हे कशावरून? विश्लेषकाच्या आतही विद्युत् मंडले आहेत. त्याला झेपेल त्याहून जोरदार लहर आत गेली, तर ती तेथेच वेडीवाकडी होते आणि हार्मोनिक उपकरणाच्या पोटातच जन्म घेतात. म्हणजे चोर मोजणाऱ्याच्या घरात, आणि आळ मात्र बिचाऱ्या संचावर!

हे ओळखण्याची युक्ती सुरेख आहे. मधे १० डेसिबेलचा आणखी एक क्षीणक घाला. सुळका संचातून आलेला असेल, तर तो मुख्य सुळक्याबरोबर १० डेसिबेलने खाली येईल. दोघांतील फरक पूर्वीइतकाच राहील. पण सुळका विश्लेषकाच्या आत निर्माण झालेला असेल, तर मुख्य लहर १० डेसिबेलने उतरताच दुसरा हार्मोनिक २० ने आणि तिसरा ३० ने कोसळतो. फरक बदलला, की समजावे उपकरण खोटे बोलत होते.

दुसरा उपाय म्हणजे फक्त १४५ च्या आसपासची लहर अडवणारी गाळणी मधे बसवायची. मोठी लहर अडली, की उपकरणावरचा ताण जातो आणि उरलेल्या लहान लहरी खात्रीने मोजता येतात. याखेरीज क्षीणक १४५ वर ४० डेसिबेल अडवतो, तसा ४३५ आणि ७२५ वरही तितकेच अडवतो ना, हे ज्ञात शक्तीची लहर सोडून आधी तपासावे लागते. केबल आणि जोडण्या घट्ट आहेत की नाहीत, हेही पाहावे लागते. दुसऱ्यावर दोष ठेवण्यापूर्वी आपले माप तपासणे, हा सर्वच प्रयोगशाळांचा पहिला धर्म होय.

मेळाव्यातील तपासणी

अमेरिकेतील हॅम मंडळींची राष्ट्रीय संघटना ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ ही १९१४ साली स्थापन झाली. कनेटिकट राज्यात न्यूइंग्टन येथे तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे. ‘क्यू.एस.टी.’ या तिच्या मासिकात नव्या संचांची परीक्षणे येतात. त्यासाठी लागणारे संच ती साध्या गिऱ्हाइकाप्रमाणे बाजारातून विकत घेते. निर्मात्याने निवडून पाठवलेला नमुना आणि दुकानातून सहज उचललेला नमुना यांत फरक असू शकतो, हे त्यामागचे तत्त्व.

ओहायो राज्यात दरवर्षी हॅम मंडळींचा मोठा मेळावा भरतो. तो १९५२ पासून डेटन येथे भरत असे. २०१७ पासून तो जवळच्या झीनिया येथे भरतो. या मेळाव्यात लीगच्या प्रयोगशाळेतील माणसांनी मोजमापाची उपकरणे मांडली आणि येणाऱ्या जाणाऱ्यांच्या कमरेला लटकलेले हातसंच तेथल्या तेथे तपासून दिले. ही चाचणी अनेक वर्षे चालली. तिचे निष्कर्ष २०१५ साली ‘क्यू.एस.टी.’ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या, नामांकित निर्मात्यांचे संच बहुतेक सर्व उत्तीर्ण झाले होते. अतिशय स्वस्त मिळणाऱ्या संचांपैकी मात्र पुष्कळसे नियमात बसत नव्हते. आणि एकाच नावाच्या दोन संचांत एक चांगला व एक वाईट, असेही घडत होते. म्हणजे वरचे नाव वाचून निकाल देता येत नाही. प्रत्येक संच स्वतः तपासावा लागतो.

स्वस्त संच वाईट का निघतो?

प्रवर्धकानंतर आणि एरियलच्या आधी संचात एक गाळणी असते. तारेची वेटोळी आणि धारित्रे यांची ती साखळी. अमुक कंप्रतेपर्यंतच्या लहरींना ती वाट देते आणि त्यावरच्या लहरींना अडवते. चौकोनी लहरीचे आपले गणित आठवा. तिसऱ्या हार्मोनिकमध्ये एक नवमांश शक्ती असली, तर ती दोन लाखांतील एका भागावर आणण्यासाठी गाळणीने तिला सुमारे बावीस हजार पट घटवले पाहिजे. एकदोन वेटोळ्यांच्या गाळणीला हे जमत नाही. साखळी लांबवावी लागते. एकेक भाग काही पैशांचाच. पण संच लाखांनी बनत असले, की तेवढेच पैसे वाचवण्याचा मोह होतो.

आणखी एक अडचण आहे. पुष्कळ हातसंच १४५ आणि ४३५ या दोन्ही पट्ट्यांवर चालतात. १४५ वर बोलताना गाळणीने ४३५ ची लहर अडवली पाहिजे, आणि ४३५ वर बोलताना तीच लहर जाऊ दिली पाहिजे! यासाठी दोन स्वतंत्र गाळण्या आणि त्यांची अदलाबदल करणारी व्यवस्था लागते. येथे काटकसर केली, की नेमका तिसरा हार्मोनिक निसटतो. त्यात भर म्हणजे सरळ उभ्या दांडीचे एरियल. १४५ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे २ मीटर ७ सेंटिमीटर; तिच्या पावपट, म्हणजे ५२ सेंटिमीटर उंचीची दांडी त्या लहरीला मानवते. तिप्पट कंप्रतेच्या लहरीची लांबी ६९ सेंटिमीटर. तीच ५२ सेंटिमीटरची दांडी तिच्या पाऊणपट भरते, आणि पाऊणपट दांडीवरूनही लहर चांगली सुटते. म्हणजे गाळणीतून जी निसटली, तिला एरियलही अडवत नाही.

असा संच फेकून द्यावा लागतो असे मात्र नाही. चांगली गाळणी बाहेरून जोडली, तर तो पुष्कळदा नियमात येतो. फक्त ती जोडल्यावर चाचणी पुन्हा करायची.

तुम्ही करून पाहा

प्रक्षेपक चालवायला परवाना लागतो. पण अनाहूत लहरींचा माग काढायला लागत नाही. सुई फिरवून स्थानक लावण्याचे, जुन्या पद्धतीचे दोन मध्यमलहरी ट्रान्झिस्टर मिळवा. पहिल्यावर १००० किलोहर्ट्‌झच्या वरचे एखादे स्थानक लावा. समजा ते ११०० वर आहे. दुसरा ट्रान्झिस्टर अगदी जवळ ठेवून चालू करा, आवाज बारीक ठेवा आणि त्याची सुई ६४५ च्या आसपास अगदी हळू मागेपुढे करा. पहिल्या संचात शिट्टी ऐकू येईल. सुई सरकली, की शिट्टीची पट्टी वरखाली होईल.

असे का होते? या पद्धतीच्या बहुतेक संचांत एक छोटा आंदोलक असतो. तो लावलेल्या स्थानकापेक्षा ४५५ किलोहर्ट्‌झने वरच्या कंप्रतेवर चालतो. ६४५ आणि ४५५ मिळून ११००! म्हणजे दुसरा ट्रान्झिस्टर ग्राहक असूनही ११०० वर चोरून कुजबुजत होता आणि पहिल्याने ते ऐकले. आता दुसरा संच हळूहळू दूर न्या. किती अंतरावर शिट्टी थांबते? तो ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवून झाकण लावले तर काय होते? वर्गात दोन गट करून अंतरे मोजा आणि तक्ता तयार करा. तोच ट्रान्झिस्टर मोबाईलच्या चार्जरजवळ, एलईडी दिव्याजवळ, संगणकाजवळ नेऊन पाहा. कोणती वस्तू किती अंतरापर्यंत खरखर करते, याचीही नोंद करा. शिक्षकांनी एवढेच पाहावे, की विजेवर चालणारे कोणतेही उपकरण मुलांनी उघडू नये.

रेडिओलहरींचा पट्टा हा गावच्या पाणवठ्यासारखा सर्वांचा आहे. विमान, रुग्णवाहिका, उपग्रह, मोबाईल आणि हौशी मंडळी, सगळे त्याच पाण्यावर आहेत. त्यात आपल्या हातून घाण पडत असली, तर ती डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, आणि त्रास होतो तो भलत्याच कोणाला. म्हणून आपला संच स्वतः होऊन मापाखाली धरणारा हॅमच खरा हॅम. उद्या तुमच्यापैकी कोणी हॅमचा परवाना मिळवला आणि पहिला हातसंच विकत घेतला, तर तो किती दूर बोलतो हे पाहण्याआधी एकदा विश्लेषकासमोर ठेवा. जवळच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो असण्याचा पुष्कळ संभव आहे.